संगणकातली पांदण

मी एकदा एका माणसाचा गुरांचा कोठा पाडला. त्याचं तारेचं कुंपण उपटलं, कुंपणाच्या आतल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळी साफ केल्या, आणि हे सगळं नागपुरातल्या एसीच्या खोलीत बसून, चहा पिता पिता, माऊसने केलं. त्या माणसाला याचा पत्ताही नव्हता. तो बिचारा तेव्हा नेरच्या अलीकडच्या आमच्या गावात, त्याच कोठ्यात बसून म्हशीची धार काढत असेल.

तेव्हा मी पंचावन्न वर्षांची कोवळी पोर होते. यवतमाळच्या कॉलेजात भूगोल शिकवून शिकवून स्वतःला पृथ्वीची मालकीण समजायला लागले होते. नकाशा समोर आला की मी चष्मा नाकावर सरकवून अशी बघायची, की नकाशालाच घाम फुटावा. आज ती बाई मला रस्त्यात भेटली तर मी दुसऱ्या फुटपाथने जाईन.

झालं असं की नागपुरात एक छोटी कंपनी होती. सैन्यातल्या ड्रायव्हरांना संगणकावर गाडी चालवायला शिकवायचा एक कार्यक्रम तिथली पोरं तयार करत होती. समोर पडदा, खाली खुर्ची, हातात स्टिअरिंग, आणि पडद्यावर डोंगर, नाले, शेतं, झाडं. पाऊस पडला तर चाक घसरलं पाहिजे, धूळ उडाली तर पुढची गाडी दिसेनाशी झाली पाहिजे. पोरं संगणकात तरबेज, पण त्यांना माती म्हणजे तपकिरी रंग आणि झाड म्हणजे हिरवा रंग एवढंच ठाऊक. म्हणून त्यांना भूगोलवालं कुणीतरी हवं होतं. कुणीतरी माझं नाव सुचवलं. मी आठवड्यातून दोन दिवस यष्टीने नागपूरला जायला लागले, आणि घरी असं सांगत सुटले की देशाचं संरक्षण आता माझ्यावर आहे.

पहिल्या दिवशीच कळलं की चित्र काढायला अजून वेळ आहे. आधी आराखडा ठरवायचा. निसर्गातलं काय काय घ्यायचं, काय सोडायचं, घेतलेल्या प्रत्येक गोष्टीला कोणत्या वर्गात टाकायचं, आणि कोणत्या गोष्टीचा कोणावर परिणाम होतो, हे सगळं चित्राच्या आधी शब्दांत ठरलं पाहिजे. ते नक्की करायला एक निवृत्त कर्नलसाहेब होते. साताऱ्याकडचे, उंच, मोजकं बोलणारे. त्यांनी पहिल्याच बैठकीत मला विचारलं की झाड म्हणजे काय. मी सागापासून पळसापर्यंत अर्धा तास बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की हे झाड कोणाला काय करतं ते सांगा. त्याच्यामागे माणूस लपतो का? ते गाडी अडवतं का? ते पेटतं का? यातलं काहीच करत नसेल, तर आमच्यासाठी ते झाडच नाही.

मला भयंकर राग आला. अहो, तेंदूचं पान, मोहाचं फूल, हे सगळं कुठे गेलं? पण हळूहळू डोक्यात प्रकाश पडायला लागला. मग मीच त्यांच्याशी भांडून एक गोष्ट आराखड्यात घालून घेतली. आमच्याकडचं सागाचं जंगल पावसाळ्यात असं दाट, की दहा पावलांवरची गाय दिसत नाही, आणि उन्हाळ्यात पानं गळून असं उघडं, की पलीकडच्या टेकडीवरची माणसं मोजून घ्यावीत. म्हणजे झाड तेच, पण लपवणं महिन्यावर ठरतं. कर्नलसाहेबांनी मान हलवली. मी घरी येऊन तीन जणांना फोन केले.

काळ्या मातीचंही तसंच. पोरांनी मातीच्या दोनच हालती ठेवल्या होत्या, कोरडी आणि ओली. मी टेबलावर हात आपटून सांगितलं की अशानं तुमची गाडी भर श्रावणात आमच्या वावरातून भरधाव जाईल आणि आमचे बैलही हसतील. कोरडी असताना भेगा, पाऊस झाला की चिखल, चिखलही असा की चाकाला धरून बसतो आणि चाकासोबत फिरतो. उघाडीनंतर मग वाफसा येतो, म्हणजे माती ना चिकट ना टणक, अवजार धरण्याजोगी. त्या दिवसापर्यंत काळ्या रानात चाक जाणार नाही, हा नियम माझा. माझ्यामुळे तो आराखड्यात आला. हे मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढे याच नियमाला मी स्वतःच बगल दिली.

आराखडा खरा उतरतो का हे बघायला जमिनीचा एक नमुन्याचा तुकडा हवा होता. थोडी काळी जमीन, थोडा माळ, एखादा नाला, थोडं झाडोऱ्याचं रान. सगळं एका ठिकाणी. मी म्हटलं, मी सांगते ना. आणि आमच्याच गावाचा तुकडा दिला. मला तिथला दगड न् दगड ठाऊक होता, एवढंच कारण मी त्यांना सांगितलं. दुसरं कारण माझ्या पोटात होतं. ते म्हणजे आमची पांदण.

पांदण म्हणजे गावातून वावराकडे जाणारी गाडीवाट. आमच्याकडे हा शब्द नुसता उच्चारला तरी चार माणसं आवाज चढवून बोलायला लागतात. आमची पांदण जुन्या गावनकाशावर चांगली दोन बैलगाड्या सामोरासमोर जातील एवढी रुंद आहे. जमिनीवर मात्र एका बाजूने शेजाऱ्याचं कुंपण पुढे आलं, मग कुंपणाच्या आत पऱ्हाटी आली, मग पऱ्हाटीच्या शेवटाला गुरांचा कोठा उभा राहिला. उरलेल्या पट्टीतून उन्हाळ्यात माणूस कसाबसा जातो, पावसाळ्यात नाला जातो.

आमचं वावर मोठ्या जाऊबाई बघतात. माझे मोठे दीर गेल्यापासून सगळं त्यांच्याच अंगावर. आम्ही यवतमाळात पंख्याखाली बसून सोयाबीनचा भाव विचारणारी माणसं. पावसाळ्यात जाऊबाई खताची पोती त्या पांदणीच्या तोंडापासून वावरापर्यंत डोक्यावर नेतात, बायकांना सोबत घेऊन, गुडघ्याएवढ्या गाऱ्यातून, म्हणजे चिखलातून. कापूस निघाला की गाठोडी तशीच उलट दिशेने डोक्यावरून बाहेर. एका वर्षी त्या पाय घसरून पडल्या आणि महिनाभर लंगडत होत्या. मोजणी झाली, खुंट ठोकले, ते खुंट गुरांनी पाडले. कोणाची गुरं, ते बोलायची सोय नव्हती. मी कितीदा शेजाऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसले. तो माणूस तोंडाचा गोड. चहा पाजायचा, माझ्या पोरांची चौकशी करायचा, आणि पांदणीचा विषय निघाला की म्हशीला वैरण टाकायला उठायचा.

तर हा राग घेऊन मी त्या एसीच्या खोलीत बसले होते. पोरांपैकी एक जण आमच्या गावाचा तुकडा भरत होता. उपग्रहाचं चित्र धूसर होतं. त्याने विचारलं की मॅडम, इथे हे काय आहे, रस्ता की नाला की शेत? आणि इथे हा चौकोन कसला?

मी सरळ सांगायचं होतं. मी म्हटलं, रस्ता. पूर्ण रुंदीचा. आणि चौकोन काढून टाका, तिथे काही नाही.

त्याने विचारलं की हे प्रत्यक्ष पाहिलेलं आहे ना. आराखड्याचा नियमच होता, प्रत्येक गोष्ट कशावरून घेतली ते सांगायचं. मी म्हटलं, मी तिथली सून आहे, मला विचारतोस?

माऊसची एक टिचकी आणि कोठा गेला. मला इतकं बरं वाटलं, की मी त्या पोराला समोसा खाऊ घातला.

यात नुसता कोठ्याचा प्रश्न नव्हता, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही. आराखड्यात एकदा एखाद्या पट्टीला रस्ता म्हटलं, की तिला रस्त्याचे नियम लागतात. रस्त्यावर पाऊस पडला तर गाडी थोडी हळू जाते, एवढंच. काळ्या मातीचा तो माझा नियम, ज्यासाठी मी टेबल बडवलं होतं, तो रस्त्याला लागूच होत नव्हता. म्हणजे मी त्या एका शब्दाने नुसती पांदण रुंद केली नाही, ती बारमाही करून टाकली. आमच्या गावाला जे आजवर जमलं नाही, ते मी दोन मिनिटांत करून दाखवलं. फक्त संगणकात.

मग चाचणी झाली. पोरं एकेक करून स्टिअरिंगवर बसली. पडद्यावर धो धो पाऊस लावला होता. एक गाडी माळावरून गेली, अडकली. दुसरी वावरात घुसली, रुतली. तिसऱ्याला आमची पांदण सापडली आणि तो शिट्टी वाजवत पार झाला. त्यानंतर जो बसेल तो पांदणीनेच जायला लागला. मी मागे उभी राहून बघत होते आणि काय सांगू, माझे डोळे भरून आले. अशी मोकळी पांदण, दोन्ही बाजूंना हिरवळ, आणि तिच्यातून सरळ निघालेली गाडी. आमच्या सासऱ्यांनी हे बघायला हवं होतं, असं मला वाटलं. मी किती मूर्ख होते ते यावरून कळेल.

कर्नलसाहेबांना मात्र ते पटेना. सगळे एकाच वाटेने का जातात, असं त्यांनी दोनदा विचारलं. इतका चांगला रस्ता असेल तर शत्रूही तोच धरेल, मग या तुकड्यावर शिकवायचं काय? त्यांनी ठरवलं की जागा प्रत्यक्ष बघायची. श्रावणात, पावसातच.

मी हादरले. म्हटलं, सर, उन्हाळ्यात जाऊ, तेव्हा नीट दिसेल. ते म्हणाले, "मॅडम, उन्हाळ्यात कोणतीही गाडी कुठूनही जाते."

आणि नेमकं त्याच दिवसांत गावाकडून जाऊबाईंचा फोन आला. आवाज असा, की मी घाबरले, मला वाटलं कुणी गेलं. त्या म्हणाल्या की शेजारी मानला. आत यंदा पेरलेलं सोयाबीन निघालं की कुंपण मागे घेतो, कोठाही पलीकडे हलवतो, असं तो स्वतः ओसरीवर येऊन बोलून गेला. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, वऱ्हाड यायला त्यालाही वाट हवी होती. जाऊबाई फोनवर पुन्हा पुन्हा तेच सांगत होत्या. इतकी वर्षं डोक्यावर पोती नेणाऱ्या बाईचा तो आवाज मी विसरू शकत नाही. शेवटी म्हणाल्या, तू आता मधात काही बोलू नको, तुह्या जिभेले हाड नाही.

मी काही बोलले नाही. बोलायला हवं तिथेही नाही. त्याच दिवशी नागपूरला फोन करून त्या पोराला एवढंच सांगायचं होतं की बाबा, तो चौकोन परत ठेव आणि पट्टीला नाला म्हण. पण मी विचार केला, आता तर पांदण खरीच मोकळी होणार आहे. मग उगाच कोठा बांधायचा, परत पाडायचा, कशाला? दिवाळीपर्यंत जमीन माझ्या नकाशासारखी होईल. भूगोलाच्या बाईने असा विचार करावा, यावर मी आज हसू की काय करू, मला कळत नाही.

आम्ही जीपने गेलो. पुढे कर्नलसाहेब आणि ड्रायव्हर, मागे मी आणि टीममधली दोन पोरं. पाऊस दोन दिवस पडून थांबलेला. पांदणीच्या तोंडाशी बाभळीजवळ जीप थांबली. कर्नलसाहेबांनी मांडीवर उघडलेल्या लॅपटॉपकडे पाहिलं, मग काचेतून बाहेर पाहिलं, मग परत लॅपटॉपकडे. मला वाटलं आता विचारतील. त्यांनी विचारलं नाही. ड्रायव्हरला म्हणाले, चला.

तोंडाशी वाट जरा रुंद, म्हणून जीप कुंपण आणि धुरा, म्हणजे बांध, यांच्या मधल्या सापटीत शिरली आणि थोडंच पुढे जाऊन खाली बसली. बसली म्हणजे म्हैस बसते तशी, सावकाश आणि कायमची. चाकं फिरली की गारा आमच्याच काचेवर. बाहेर पडायला दार उघडेना, कारण एका बाजूने कुंपणाची तार, दुसऱ्या बाजूने धुरा.

तेवढ्यात धुऱ्यावरून जाऊबाई आल्या. डोक्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं खताचं पोतं. त्यांनी जीप पाहिली, जीपमध्ये मला पाहिलं. मी काचेतून हात हलवला. दुसरं काय करणार?

काय झालं ते पोरांनी त्यांना भाबडेपणाने सांगून टाकलं. संगणकात इथे रस्ता आहे, म्हणून आलो. जाऊबाईंनी पोतं डोक्यावरून न उतरवता माझ्याकडे बघितलं.

"रस्ता हाय न तुह्या कम्प्युटरात? मंग हे पोतं थ्यातूनच ने."

आणि त्या निघून गेल्या. मी हसले. कर्नलसाहेब हसले नाहीत.

शेवटी शेजारीच आला. हाक मारायला आमच्यातलं कुणी जाऊ शकत नव्हतं, इंजिनाचा आवाज ऐकून तो आपणहून आला. ट्रॅक्टर आणायचा तर पांदणीने आणता येईना, तिथे जीपचं बूच बसलेलं. म्हणून त्याने स्वतःचं कुंपण एका ठिकाणी सोडलं आणि ट्रॅक्टर स्वतःच्या उभ्या सोयाबीनमधून घातला. फुलावर आलेलं पीक आडवं झालं. साखळी लावून त्याने जीप ओढून काढली. एक शब्द वाकडा बोलला नाही. वर म्हणाला, चला, हातपाय धुवा, चहा घ्या.

त्याच्या ओसरीवर आम्ही गाऱ्याने माखलेले बसलो. कर्नलसाहेबांनी लॅपटॉप पुसून परत उघडला, आणि शेजारी कुतूहलाने मागे येऊन उभा राहिला. पडद्यावर आपलं गाव बघून तो लहान पोरासारखा खूश झाला. हा नाला, हा माळ, ही माझी विहीर, हा विहिरीवरचा निंब. बायकोला बोलावलं, होणाऱ्या नवरीला बोलावलं. निंबाची सावलीसुद्धा बरोबर त्या बाजूला पडली म्हणून त्याला केवढं कौतुक. मग त्याचं बोट निंबापासून खाली सरकत आलं आणि एका जागी थांबलं. पुढे गेलं, मागे आलं.

"माहा कोठा कुठी गेला?"

दोघांपैकी ज्याने आमचा तुकडा भरला होता, ते पोर माझ्याकडे बघायला लागलं. कर्नलसाहेबही बघायला लागले. कोठ्यातल्या म्हशीने नेमकं तेव्हाच हंबरून आपली हजेरी लावली. मी बशीतला चहा फुंकत बसले. तो कधीच थंड झाला होता.

परतीच्या वाटेवर कर्नलसाहेबांनी मला रागावून काही म्हटलं नाही. ते म्हणाले की आपण जग जसं आहे तसं मांडतो, जसं असायला हवं तसं नाही. अतिक्रमण चूक असेल, पण उद्या त्या कोठ्याच्या भिंतीवर एखाद्या पोराची गाडी आदळायची असेल, तर ती भिंत त्याला आधी दिसली पाहिजे. मग त्यांनी विचारलं की तुम्ही सांगितलेल्या बाकीच्या गोष्टींचं काय समजायचं. सागाच्या पानांचं, काळ्या मातीचं? मी म्हटलं, ते खरं आहे. ते म्हणाले, असेल. पण आता सगळं नव्याने तपासावं लागेल.

त्यांनी नमुन्याचा तुकडा दुसऱ्या ठिकाणचा घेतला, आणि पुढच्या कामाला मला बोलावणं आलं नाही. त्या टीममधल्या एका पोराने नंतर फोनवर सांगितलं की मॅडम, तुमचा तुकडा आम्ही पुसला नाही. नवीन माणूस आला की त्याला तोच दाखवतो, आराखड्यात लबाडी शिरली तर काय होतं ते समजावायला. म्हणजे आमची पांदण तिथे अजून मोकळी आहे. पाऊस लावला तरी मोकळी. जिल्ह्यात एवढी चांगली पांदण दुसरी नसेल. माझी नात परवा म्हणाली की आजी, ती बघायला मिळेल का. मी म्हटलं, बाई, मला ती खरीतरी बघू दे आधी.

त्या वर्षी सोयाबीन निघालं. कुंपणाजवळचं, ट्रॅक्टरखाली गेलेलं, निघालं नाही ते नाहीच. मुलीच्या लग्नाचं वऱ्हाड त्याने त्याच्याच वावरातून, तुरीच्या कडेने वाट काढून आणलं. पांदणीचं नाव कुणी काढलं नाही. जाऊबाई माझ्याशी बोलत होत्या, पण पांदणीबद्दल नाही. दिवाळीनंतर कापूस वेचून झाला, गाठोडी पुन्हा डोक्यावरून बाहेर आली, तेव्हा मला राहवलं नाही. मी यष्टीने नेर गाठलं, तिथून ऑटोने गाव, आणि सरळ त्याच्या दारात. तो कोठ्यात धार काढत होता. मी दाराशी उभी राहून म्हटलं की भाऊजी, जाऊबाईंना दिलेला शब्द आहे तुमचा. माझी चूक झाली, तिचा राग त्यांच्यावर काढू नका.

त्याने धार थांबवली नाही. बादली भरेपर्यंत मला उभं ठेवलं. मग उठला, बादली झाकली, कोठ्याच्या भिंतीवर दोनदा थाप मारली. त्यानंतर मी कितीदा गेले. त्याचे केस पिकले, माझे गळले, जाऊबाईंची आता पोतं उचलायची ताकद राहिली नाही, त्या मजुरांकडून नेऊन घेतात, वाट मात्र तीच. दर वेळी तो चहा पाजतो आणि दर वेळी त्या पहिल्या दिवशीचंच उत्तर देतो. भिंतीवर थाप मारून, माझ्याकडे बघत, अगदी गोड आवाजात तो म्हणाला होता:

"वहिनी, कम्प्युटरात रस्ता देल्ला न म्या तुम्हाले. कोठाबी पाडू देल्ला, काही म्हटलं का? आता वावरातला कायले मांगता?"